घरच्या माणसाचा नमुना

वर्षश्राद्धाचं जेवण अंगावर येतं. दोन पुरणपोळ्या, वर वाटीभर खीर, आणि वाढणारी पल्लवी "काकी, अर्धी तरी घे" म्हणत समोरून हलायला तयार नाही. आता दुपारचे अडीच वाजलेत. पाहुणे गेलेत, भांडी पालथी पडलीत आणि मी आतल्या खोलीत अक्कांच्या कॉटवर आडवी झालेय. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, मालनअक्का. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

उशाशी एक कागद आहे आणि माझ्या हातात पेन्सिल. चार वाजता पल्लवी चहा घेऊन येईल आणि हा कागद घेऊन जाईल. ही अक्कांची लेक. तिनं डॉक्टर कित्तुरेंविरुद्ध तक्रारीचा अर्ज टाइप करून आणलाय. आईच्या कमरेच्या हाडातून तपासणीसाठी काढलेला तुकडा पुरेसा नव्हता, म्हणून पुण्याच्या लॅबला जनुकीय चाचणी करता आली नाही, म्हणून रक्ताच्या कॅन्सरचा नेमका प्रकार कळला नाही, म्हणून उपचार चुकले आणि आई गेली. अर्ज असा पायरी पायरीनं चढत जातो. खाली तिची सही आहे, तिच्या वडिलांची म्हणजे थोरल्या भाऊजींची आहे. त्याखाली 'साक्षीदाराचे म्हणणे' असं लिहून चार ओळींची जागा सोडलीय. ती माझी. मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे. शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पापुद्र्याएवढे पातळ काप काढायचे, ते काचेवर लावून डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे माझं काम. अक्कांचा तुकडा माझ्याच हातून गेला होता. माझ्याइतका चांगला साक्षीदार पल्लवीला कुठून मिळणार?

त्या चार ओळींच्या जागेत मी लिहिलंय, 'तुकडा पुरेसा होता. तो मी अ‍ॅसिडमध्ये टाकला.'

दचकू नका. मी हे वर्षभर लिहितेय. लाइट बिलाच्या मागं, कॅलेंडरच्या कोपऱ्यात, एकदा तर वाणसामानाच्या यादीत शेंगदाण्यांच्या खाली. लिहिते आणि लगेच खोडते. आमच्या लॅबमध्ये पेननं लिहीत नाहीत. काचेवरची शाई आमच्या औषधांच्या पाण्यात धुऊन जाते, पेन्सिलीचं मात्र कशानंही जात नाही, म्हणून सवयीनं पर्समध्येही पेन्सिलच असते. आणि पेन्सिलीच्या मागं रबर असतं, ही फार सोयीची गोष्ट आहे. चारच्या आत मी हे खोडीन आणि पल्लवीला हवंय ते लिहून देईन. जरा डोळा लागू दे.

पंखा फिरतोय. त्याची पाती वेगळी वेगळी दिसायला लागतात. एक, दोन, तीन.

कुणीतरी माझे पाय बाजूला सारतं.

"पाय घे की वर. माझी कॉट हाय ही."

मी पाय घेते. अक्का टेकतात. कॉट करकरत नाही, एवढं एकच चुकल्यासारखं वाटतं. बाकी सगळं तेच. चॉकलेटी फुलांची साडी, पदराला कायम अडकवलेली सेफ्टी पिन. औषधांनी गेलेले केस परत आलेत. पोटाची डावी बाजू सपाट आहे. आजारपणात तिथं प्लीहा वाढून बरगडीखाली धोंड्यासारखी लागायची.

"जेवलीस?"

"जेवले."

"खीर पाणचट झालीया."

"तुम्ही खाल्लीत?"

"वासावरनं कळतंय की. पल्लवीला दूध आटवायचं जिवावर येतं."

मी म्हणते, "अक्का, तुम्ही गेलाय."

"म्हाईत हाय. तुझ्या आधी मला कळलं ते."

मला भीती वाटायला हवी. नाही वाटत. मला राग येतो. वर्षभर ही बाई आली नाही. आली ती आज, अर्जावर लिहायचं असताना.

"चल ऊठ," त्या म्हणतात. "बरण्या बघायच्यात."

आम्ही स्वयंपाकघरात येतो. हे आमच्या जुन्या एकत्र घराचं स्वयंपाकघर आहे, दहा वर्षांपूर्वी वेगळं निघताना मी ज्याचा उंबरा रागानं ओलांडला होता ते. फळीवर अक्कांच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं उभ्या, तोंडाला पांढरी फडकी बांधलेल्या. अक्कांच्या लोणच्याची आमच्या भावकीत दहशत होती. मुरायच्या आत कुणी बरणीला हात लावला तर त्या हातावर डाव मारायच्या. मी नवीन सून असताना मलाही बसलाय एक.

"ह्या बरणीत काय घातलंयस?"

त्या फडकं सोडतात. आत लोणचं नाही. स्वच्छ पाणी आहे, आणि तळाशी काडेपेटीतल्या अर्ध्या काडीएवढा हाडाचा तुकडा.

"ही सावकाश बरणी आहे," मी म्हणते. खालची फरशी आता लॅबची आहे, पांढरी, कोपऱ्यात फुटलेली. मी हातात मोजे घातलेत. "हाड कडक असतं. तसंच मेणात बसवलं तर पातं तुटतं, काप निघत नाहीत. म्हणून आधी मऊ करायचं. ह्या बरणीत पाच दिवस लागतात, पण आतलं सगळं शाबूत राहतं."

"आणि ती?"

शेजारी दुसरी बरणी आहे. तिचं झाकण मीच उघडते. नाकात झणका जातो.

"ती अ‍ॅसिडची. पाच तासांत हाड मऊ. काचेवर पेशीही ठीक दिसतात. पण पेशींच्या आतला डीएनए तुटून त्याचा भुगा होतो. मग जनुकीय चाचणीला काही उरत नाही."

"हे तुला म्हाईत हुतं?"

"सव्वीस वर्षं माहीत आहे."

"कागदावर लिवलं नव्हतं त्या डॉक्टरनं?"

"लिहिलं होतं. लाल पेनानं. 'जनुकीय चाचणी करायची आहे, अ‍ॅसिड वापरू नये.' खाली दोन रेघा मारल्या होत्या."

अक्का बरणीत वाकून बघतात. स्वतःच्याच हाडाकडे असं कुणी बघत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाजारात भेंडी मोडून बघायच्या, तशा त्या बघतात.

"मंग का टाकलंस?"

आता माझा राग उतू जातो. "का टाकलं? तुम्ही विचारताय? सोमवारी तुकडा आला, मी सावकाश बरणीत ठेवला. सोमवारी संध्याकाळी तुमचा फोन. मंगळवारी सकाळी फोन. बुधवारी मी डब्याला बसले होते, घास तोंडात होता, तरी फोन. 'वैजे, तुझ्याच लॅबात हाय न्हवं? मग परक्यावाणी ताटकळत का ठेवतीस? घरच्या माणसाला एवढंबी करणार न्हाईस?' असं म्हणालात की नाही?"

"म्हणले."

"आयुष्यभर मला हेच ऐकवलंत. वैजयंता नोकरीवाली, वैजयंता वेगळी निघाली, वैजयंताला घरचं काही नाही. म्हटलं, एकदा दाखवू. घरच्या माणसाचा नमुना आहे, सगळ्यांच्या आधी लावू. बारा वाजता काढून अ‍ॅसिडमध्ये टाकला, पाचला काढला. दुसऱ्या दिवशी काचा आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर. परक्याचा तुकडा असता ना अक्का, तर तो पाच दिवस बरणीत सुखानं पडला असता. त्याचा प्रकार कळला असता. तुम्ही घरच्या होतात म्हणून गेलात!"

माझा आवाज लॅबमध्ये घुमतो. कुणीच मान वर करत नाही, कारण कुणीच नाही.

अक्का शांतपणे बरणीला फडकं बांधतात. "लोणच्याला हात लावला की मी डाव मारायची," त्या म्हणतात. "माझ्याच हाडाला घाई केली मी. पर मला काय ठावं, बाई? मला कोण सांगितलं ह्याला मुरू द्यावं लागतं म्हणून? तुला ठावं हुतं."

मी अ‍ॅसिडच्या बरणीचं झाकण लावते.

फरशीवरून चालत आम्ही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यांपाशी येतो. वेगळं दार लागत नाही. थोरले भाऊजी हात उगारून उभे आहेत आणि डॉक्टर कित्तुरे त्यांच्यासमोर. कित्तुरे चौतिशीचा पोरगेला माणूस. शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. भाऊजी त्याला आईबहिणीवरून बोलताहेत. "एवढी मोठी सुई घुसवली बायकोच्या कमरंत आणि काडीएवढा तुकडा काढला व्हय रं?" बाकावरचे पेशंट बघताहेत. हे असंच झालं होतं. मी इथेच, ह्या खांबापाशी उभी होते.

पुण्याहून रिपोर्ट आला होता की नमुना चाचणीसाठी योग्य नाही. भाऊजींनी मला विचारलं होतं, "वैजयंता, का गं असं होतं?" आणि मी म्हणाले होते, "तुकडा लहान असला की असं होतं, भाऊजी."

वाक्य खरं आहे. तुकडा लहान असला की तसं होतंच. अशी खरी वाक्यं वेळेवर सुचायला सव्वीस वर्षांचा अनुभव लागतो.

कित्तुरे भाऊजींकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो. "दीड सेंटिमीटर होता," तो म्हणतो. "तुम्हीच मोजून वहीत लिहिलंय, बाई."

खरोखरीच्या दिवशी तो हे बोलला नव्हता. त्या दिवशी तो फक्त चष्मा पुसत राहिला होता. त्याला वाटलं असेल, आपलंच काही चुकलं. तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते आणि तिच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही.

"गरीब हाय बिचारा," अक्का म्हणतात. "सुई घालताना मला म्हणला, आई, देवाचं नाव घ्या. मी म्हणलं, तूच घे, हात तुझा थरथरतोय."

आम्ही बाकावर बसतो. बाक एसटीचं आहे. खिडकीबाहेर कृष्णेचा पूल, उसाचे ट्रॅक्टर, पुन्हा तोच पूल. कंडक्टर नाही. अक्का मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्यात.

"एक विचारू?" त्या म्हणतात.

"विचारा."

"मला नेमका कुठला हुता?"

मला हाच प्रश्न नको होता.

"दोन प्रकारांवर संशय होता," मी म्हणते. "दोन्ही दुर्मीळ. दोन्हीत प्लीहा वाढते, दोन्हीत हाडातला मगज व्यापला जातो. काचेखाली बघून मॅडमना खात्री देता येईना. डीएनएत एका ठरावीक जागी एक अक्षर बदललेलं असतं. एका प्रकारात एक, दुसऱ्यात दुसरं. ते सापडलं की निकाल. रक्तात तुमच्या त्या पेशी फारशा नव्हत्या, सुईनं मगज ओढायला गेले तर थेंब आला नाही. होता तो एवढाच हाडाचा तुकडा."

"आणि कळलं असतं तर?"

"एकाला आठवडाभराचं सलाइनमधलं औषध. त्यावर माणसं वर्षानुवर्षं नीट राहतात. दुसऱ्याला रोजच्या गोळ्या. तुम्हाला कुठलंच दिलं नाही. सगळ्यांना देतात ते ढोबळ औषध दिलं. तिसऱ्या खेपेला ताप आला."

"ते म्हाईत हाय. ताप मलाच आलता." त्या खिडकीबाहेर बघतात. "मला वाटलं हुतं, मेल्यावर सगळं कळतंय. इथंबी रिपोर्ट न्हाई, वैजे. मी लई जणांना इचारलं."

"मलाही माहीत नाही, अक्का. कुणालाच नाही. आता कधीच कळणार नाही." मी पुढच्या बाकाची दांडी धरते. "कदाचित कळूनही तुम्ही गेला असतात. मी रोज स्वतःला हेच सांगते. दात घासताना सांगते."

"गुण येतो का?"

"नाही."

त्या हसतात. ते तुच्छतेचं हसू मला ओळखीचं आहे. पहिल्या वर्षी माझी भाकरी फाटली की असंच हसायच्या.

"मला माफ करा," मी म्हणते.

"का?"

"का म्हणजे?"

"माफ करून मला काय मिळणार हाय? तुला झोप लागंल. मला काय?" त्या पिशवीत हात घालतात. "आणि अ‍ॅसिडाचं मी एकवेळ सोडीन. घाईत माणसाच्या हातनं होतं. माझं पोट दुखतंय ते दुसऱ्याच गोष्टीवरनं."

मला माहीत आहे कुठल्या. मी उठून उतरायला जाते. एसटीला दार नाही. खिडक्यांना हिरवे पडदे लागलेत, बाक म्हणजे पलंग झालाय आणि अक्का उशीला टेकून बसल्यात, डोक्यावर रुमाल, पाय सुजलेले. हा तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड आहे. पलंगाच्या पायाशी कित्तुरे फाइल घेऊन उभा आहे.

"पहिल्या नमुन्यातून चाचणी झाली नाही," तो म्हणतो. "पुन्हा एकदा सुई घालून तुकडा घेऊ या. दहा मिनिटांचं काम आहे. प्रकार कळणं फार गरजेचं आहे, आई."

"एकदा टोचून तुला पुरेसं गावलं न्हाई," अक्का म्हणतात, "आता परत काय सोनं काढणार हायस?" पण म्हणताना त्या त्याच्याकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात. अख्ख्या घरात ह्यातलं कळणारी मी एकटी. ज्या बाईनं मला तीस वर्षांत कधी मीठ किती घालू एवढंही विचारलं नव्हतं, ती विचारते, "वैजे, तू सांग. करू का?"

त्या दिवशी मी काय म्हणाले ते तुम्हाला सांगते. मी म्हणाले, "तुमची इच्छा, अक्का."

करा म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. पहिल्याचं काय झालं, असं विचारलं असतं. मला ते सांगावं लागलं असतं. त्यांनी मला वॉर्डभर ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या असत्या आणि मग कुशीवर वळून कंबर उघडी केली असती. मी ओळखते त्यांना. नक्की केली असती. एवढ्या शिव्या चुकवायला मी तीन शब्द बोलले. त्यांनी सुईला नाही म्हटलं.

पलंगावरून अक्का माझ्याकडे बघताहेत. कित्तुरे वाट बघतोय. हिरवा पडदा हलत नाही.

"सांग की," त्या म्हणतात. "आता परत इचारते. करू का?"

करा, असं ओरडायला मी तोंड उघडते, तेवढ्यात त्यांचा हात पिशवीतून बाहेर येतो आणि त्या माझ्या तोंडात घास कोंबतात. सणाला कोंबायच्या तसाच, अंगठ्यानं ढकलून, नाही म्हणायला जागा न ठेवता. घास कडक आहे. त्याला चव नाही. मी बोलू बघते, तो जिभेवर आडवा येतो.

"गप. चाव आधी."

मी मान हलवते. करा, करा. आवाज फुटत नाही.

"गिळायचा न्हाई," अक्का म्हणतात. "चाव. दातांनी तोड त्याला. वर्षभर लई कामाला आलाय तुझ्या."

मी जीव खाऊन चावते. दाताखाली पत्रा लागावा तसं काहीतरी लागतं, कळ मस्तकात जाते.

पंखा फिरतोय. पाती दिसत नाहीत, नुसती गोल भिंगरी दिसते. उशी लाळेनं ओली झालीय. दाढ ठणकतेय आणि तोंडात काहीतरी आहे.

मी ते तळहातावर काढते. गुलाबी रबर. त्यावर माझ्या दातांच्या खुणा आहेत. उशाशी पेन्सिल पडलीय. तिच्या मागची पत्र्याची टोपी चेपून चपटी झालीय आणि आत पोकळ.

अर्ज छातीवर आहे. 'तुकडा पुरेसा होता. तो मी अ‍ॅसिडमध्ये टाकला.'

बाहेर कपबश्या वाजतात. चारला दहा कमी आहेत. मी कशी आहे ते तुम्हाला कळावं म्हणून हेही सांगते की मी अंगठा जिभेवर ओला करून त्या अक्षरांवर फिरवला. दोनदा. रबराचा चावलेला तुकडा चिमटीत धरून बघितला. तो बोटांत भुगा होऊन सांडला. कागद काळवंडला, अक्षरं तशीच राहिली. वरती भाऊजींची सही आहे, फाडायचा तर तोही फाडता येत नाही.

"काकी, उठलीस?" पल्लवी दारात आहे. हातात चहा, तोंडावर दिवसभराचा थकवा. "लिहिलंस का गं? पाच वाजता कुरिअर बंद होतं."

ती कप स्टुलावर ठेवते आणि कॉटवर बसायला वाकते.

"पाय घे की वर," ती म्हणते.

मी पाय वर घेते आणि कागद तिच्या हातात देते. एवढ्या दोन ओळी वाचायला खरं तर वेळ लागत नाही. पण चहावर साय धरते तरी पल्लवी वाचतच असते.